आधी तळहात खाजले

लातूर
६ जुलै २००३

दादा,

सुरुवातीला काय लिहायचं ते सुचेना म्हणून दोन आंतरदेशीय पत्रं वाया घालवली. आता हे साध्या कागदावर लिहून राहिले. फोनही केला होता, दोनदा. दोन्ही वेळा तू "हां, बोल" म्हणालास आणि फोन कट झाला. आपोआप कट झाला, असंच मी धरून चालते. तुझा हैदराबादचा पत्ता सरजाबाई आत्यानं दिला. तिच्यावर रागावू नकोस.

भांडायला लिहीत नाही. तू माझ्या लग्नाला आला नाहीस, मृण्मयीच्या बारशाला आला नाहीस, त्याचं काही काढणार नाही. मला एक गोष्ट विचारायची आहे आणि ती तुझ्याशिवाय कुणाला विचारता येत नाही.

मृण्मयी तुझी भाची. सात वर्षांची आहे. गेल्या दिवाळीनंतर तिला सारखा ताप यायला लागला, पायांवर निळे डाग दिसायला लागले. रक्ताचा कॅन्सर निघाला. लहान मुलांमधला हा प्रकार बराच बरा होतो असं सगळे डॉक्टर सांगतात, मीही माझ्या मनाला तेच सांगते. उपचार नांदेडला चालू आहेत. तिथल्या डॉ. अपूर्वा मुंबईत शिकून परत आल्या. लहान वयाच्या आहेत, बोलतात भरभर, पण काही विचारलं तर टाळत नाहीत. आम्ही लातूरहून एसटीनं जातो. भुजंगना, म्हणजे माझ्या मिस्टरांना, रेणापूरच्या पंचायत समितीतून रजा मिळेल तेव्हा ते येतात. नसेल तेव्हा मी आणि ती.

मी इथं एका क्लासमध्ये बायॉलॉजी शिकवते. लातूर तुला आता ओळखू येणार नाही. ज्या गल्लीत आपण काकांच्या खोलीवर उतरायचो, तिथं घरटी चार-चार पोरं भाड्यानं राहतात. बीड, परभणी, पार माहूरहून आलेली. सगळ्यांना डॉक्टर व्हायचंय. पहाटेपासून सायकली आणि डबे. मी त्यांना रोगप्रतिकारशक्तीचा धडा शिकवते. चार पर्याय, एक बरोबर.

आता जे झालं ते सांगते. मृण्मयीला एक इंजेक्शन देतात, मांडीत. ॲस्पराजिनेज नाव. पहिल्या महिन्यात तिला ते बऱ्याच वेळा दिलं, काही म्हणजे काही झालं नाही. मग मधले महिने दुसरी औषधं होती. गेल्या आठवड्यात तेच पुन्हा सुरू केलं. पहिला डोस बिनबोभाट गेला. दुसऱ्याला सिस्टर गंगम्मांनी इंजेक्शन दिलं आणि नेहमीसारखं आम्हाला तिथंच थांबवलं. गंगम्मा देगलूरच्या, अर्ध्या तेलुगूत बोलतात. मृण्मयी चित्रं काढत होती. एकदम तिनं खडू टाकला आणि म्हणाली, "आई, मला इथं नको. चल ना इथून."

मी म्हटलं, "थोडा वेळ गं."

"न्हाई, आत्ता चल." आणि रडायलाच लागली. रडायचं काही कारण नव्हतं. मग खोकला. मग म्हणाली, "माझी जीभ जाड झाली." ओठांभोवती लाल गांध्या उठल्या आणि बघता बघता गळ्यावर उतरल्या. श्वासाला शिट्टीसारखा आवाज. गंगम्मांनी तिला आडवी केली, पायांखाली उशी दिली, ट्रेमध्ये तयार ठेवलेलं ॲड्रिनलिन दुसऱ्या मांडीत दिलं, तोंडावर ऑक्सिजन लावला आणि मग ओरडून डॉक्टरांना बोलावलं. ह्याच क्रमानं. मी भिंतीला टेकून उभी होते. डॉक्टर आल्या तोवर शिट्टी कमी झाली होती. पुन्हा उलटू शकतं म्हणून त्या रात्री तिथंच ठेवून घेतलं. आता बरी आहे. डोसा मागते.

दुसऱ्या दिवशी डॉ. अपूर्वांनी विचारलं, "घरात कुणाला औषधाची अशी रिॲक्शन आलीय का कधी?" मी म्हटलं, "माझ्या भावाला." भुजंगनी माझ्याकडं पाहिलं. आमच्या घरात तुझा विषय निघून बरीच वर्षं झाली होती.

तुला आठवतं का? भूकंपानंतर शाळेच्या मैदानात दवाखान्याचा तंबू होता. तुझ्या पोटरीत दगड घुसला होता. मी तंबूबाहेर रांगेत उभी होते. तू इंजेक्शन घेऊन बाहेर आलास, बाकड्यावर बसलास आणि तुझा चेहरा सुजायला लागला. कुणीतरी तुला उचलून परत आत नेलं. आई-बाबा जाऊन तेव्हा चार दिवसही झाले नव्हते. मला वाटलं, आता हाही.

डॉक्टर म्हणाल्या, त्याचा हिच्याशी संबंध नाही, औषधं वेगळी. ठीक. पण माझा प्रश्न त्यांना नाही. तुला आतून काय झालं? सगळ्यात आधी काय झालं? मृण्मयी सात वर्षांची आहे, तिला नीट सांगता येत नाही. "मला इथं नको" हा हट्ट होता की तीच सुरुवात होती? गांध्या मला दिसतात. त्याच्या आधीचं मला दिसत नाही. तुला ते माहीत आहे.

तेवढं लिही. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

सिंधु


लातूर
३० जुलै २००३

दादा,

तुझं कार्ड आलं. पत्ता धरून सात ओळी. भुजंगना वाचून दाखवलं, मग डॉ. अपूर्वांना दाखवायला पर्समध्ये घालून नांदेडला नेलं.

तू लिहिलंस, "आधी तळहात खाजले. आत खाजत होतं, वरून खाजवून जाईना. मग कान गरम. मग वाटलं काहीतरी भयंकर होणार आहे, इथून पळावं. सूज त्याच्यानंतर. पेनिसिलिन होतं. तेव्हापासून प्रत्येक डॉक्टरला आधी ते सांगतो."

डॉ. अपूर्वा ते वाचून खुर्चीत सरसावून बसल्या. म्हणाल्या, "हे पुस्तकात असंच आहे. अंगावर काही दिसायच्या आधी पेशंट म्हणतो, मला काहीतरी होणार. मोठी माणसं बोलून दाखवतात. लहान मूल गप्प होतं, नाहीतर चिडतं, नाहीतर आईला मिठी मारतं." म्हणजे तो हट्ट नव्हता, दादा. आता तिनं "मला इथं नको" म्हटलं की आम्ही सगळे तिच्याकडं बघणार. गंगम्मांनी वॉर्डातल्या दुसऱ्या आयांनाही हे सांगितलं, आपल्या तेलुगू-मराठीत.

मग मी विचारायला लागले. मला थांबवतच नाही बघ. पहिल्या महिन्यात एवढे डोस झाले तेव्हा का नाही काही झालं? डॉक्टर म्हणाल्या, तेव्हा अंग शिकत होतं. औषध जंतूपासून बनवलेलं असतं, आपल्या आतड्यात राहतो त्याच जंतूपासून. अंगाला ते परकं. ओळख पटवायला वेळ लागतो. मग मधे महिने गेले, आणि पुन्हा तेच आल्यावर सगळी तयारीच होती. मी हे वर्गात दरवर्षी शिकवते! पहिल्या संपर्कात संवेदन, दुसऱ्या संपर्कात प्रतिक्रिया. पर्याय क. पण 'तयारी' हा शब्द मी कधी वापरला नव्हता.

क्लासात परवा हाच धडा होता. मुखेडचा एक मुलगा आहे, बसवंत. तो म्हणाला, "मॅडम, अंगाला औषध कोणतं आन विष कोणतं कसं कळतंय?" वर्ग हसला, हे परीक्षेत येत नाही म्हणून. मी म्हटलं, "कळत नाही. अंगाला फक्त आपलं आणि परकं कळतं." तो म्हणाला, "मग लईच अवघड हाय." मी पुढं काही शिकवू शकले नाही, त्यांना टेस्ट दिली.

आता खरी अडचण. ते औषध तिला पुन्हा देता येत नाही आणि ते सोडूनही चालत नाही. कॅन्सरच्या पेशींना जे अन्न लागतं ते हे औषध रक्तातून काढून घेतं. सोडलं तर रोग परत यायची भीती वाढते. भुजंगनी विचारलं, "आधीच ॲलर्जीचं औषध देऊन तेच इंजेक्शन दिलं तर? म्हणजे गांधी उठणारच नाही."

डॉक्टरांनी डोकं हलवलं. "गांधी उठणार नाही, पण आत अंग त्या औषधाला मारतच राहील. आपल्याला वाटेल उपचार चालू आहेत. तसे ते चालू नसतील. मला ती रिॲक्शन गप्प झालेली नको आहे, मला कळलं पाहिजे."

एसटीत भुजंग म्हणाले, "म्हणजे गांधी उठली ते बरंच झालं म्हणायचं." त्यांना राग आला होता की समाधान वाटत होतं, ते मला कळलं नाही.

दुसरं एक औषध आहे. काम तेच करतं, पण वेगळ्या जंतूपासून काढतात. हा जंतू कुठला माहीत आहे? गाजर-बटाटे सडवणारा. शेतात सडका बटाटा हातात आला की बोट आत जातं ना, त्यातला. अंगाची ह्याच्याशी ओळख नाही, म्हणून बहुतेक मुलांना ते चालतं. बहुतेक, असं त्या दोनदा म्हणाल्या. परदेशातून येतं, नांदेडला मिळत नाही, लातूरला तर नावही कुणी ऐकलेलं नाही. हैदराबादला एका मोठ्या औषधवाल्याकडं आहे, डॉक्टरांनी फोन करून विचारलं. ते कुरियरनं पाठवायला तयार नाहीत, थंड ठेवावं लागतं. कुणीतरी माणूस हवा.

मला दुसरं कुणी सुचलं नाही. म्हणून विचारते. नाही म्हणालास तर भुजंग जातील, पण त्यांना रजा मिळेपर्यंत डोस लांबतो.

आणि आणखी एक. "इथून पळावं" असं तू लिहिलंस. कुठं पळावं वाटलं होतं?

सिंधु


लातूर
१६ ऑगस्ट २००३

दादा,

एवढं लांब पत्र तू लिहू शकतोस हे मला माहीत नव्हतं. तीन वेळा वाचलं. एकदा भुजंगना दिलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "ह्या माणसाला मी नऊ वर्षं उगाच घमेंडी समजत होतो."

तू लिहिलंस ते मी इथं उतरवून काढते, कारण मला ते माझ्या हातानं लिहून बघायचं आहे:

"बाकड्यावर बसलो, तळहात खाजले आणि मला वाटलं जमीन परत हलणार. खरंच वाटलं. मी पायांनी जमीन दाबून धरली होती. तुला ओरडून सांगणार होतो, भिंतीपासून लांब हो, पण तोंड सुजलं होतं. नंतर डॉक्टर म्हणाले ती औषधाची रिॲक्शन होती. माझ्या अंगाला ते पटलं नाही. मग पत्र्याच्या शेडमध्ये राहताना कधीही तळहात खाजायचे आणि मी उठून बाहेर पळायचो. तू झोपलेली असायचीस. तुला उठवावं की नाही ते कळायचं नाही, कारण दर वेळी काहीच व्हायचं नाही. पण एखाद्या वेळी झालं असतं तर? हैदराबादला आलो आणि खाज थांबली. गावाच्या नावानं फोन आला की परत सुरू होते. तुझ्या लग्नाला औशापर्यंत आलो होतो. तिथून परत फिरलो."

औशापर्यंत आला होतास.

मी नव्या साडीत मांडवात बसून दाराकडं बघत होते आणि तू वीस किलोमीटरवर एसटी स्टँडवर होतास. हे मला नऊ वर्षं माहीत नव्हतं. मला रडू आलं नाही, तुला खोटं वाटेल. मला आधी प्रश्नच सुचले. किती वेळ थांबलास? काय खाल्लंस? खाज औशाच्या कोणत्या बाजूला सुरू झाली? रडू दुसऱ्या दिवशी आलं, क्लासमध्ये, फळ्याकडं तोंड करून उभी असताना.

डॉ. अपूर्वांना मी विचारलं, असं होतं का. अंग इतकी वर्षं आठवण ठेवतं का. त्या म्हणाल्या, पेनिसिलिनची ठेवतं, ते रक्तात तपासता येतं. बाकीच्याची ठेवतं का हे तपासायला त्यांच्याकडं काही नाही, पण त्यांना खोटं वाटत नाही. "त्यांना कुणाला तरी भेटायला सांगा," म्हणाल्या, "मनाच्या डॉक्टरला. हैदराबादला चांगले आहेत." मी निरोप दिला. पुढं तुझं तू बघ.

औषध आणायला तू हो म्हणालास. नांदेडला येणार, लातूरला नाही, गावाकडं तर नाहीच. कबूल. कुणी तुला पुढं ओढणार नाही.

डब्याचं नीट वाच. थर्माकोलचा डबा तो औषधवालाच देईल. खाली बर्फाच्या पिशव्या, त्यावर वर्तमानपत्राची जाड घडी, मग बाटल्या, मग पुन्हा कागद. बाटलीला बर्फ टेकू द्यायचा नाही, गोठलं तर औषध वाया जातं. गाडीत डबा खिडकीशी उन्हात ठेवू नकोस. बाकी तू पॅकिंगच्याच कामात आहेस, मी तुला काय शिकवणार.

सोमवारी पंचवीस तारखेला डोस आहे. हॉस्पिटलच्या गेटात लिंबाचं झाड आहे, त्याच्या पारावर बस. आत यायची गरज नाही. डबा घ्यायला मी बाहेर येईन.

मृण्मयीला सांगितलं, तुझा मामा औषध घेऊन येणार. तिनं विचारलं, "मामाला पण झालं होतं?" मी तळहाताचं सांगितलं. तेव्हापासून ती स्वतःचे हात उलटसुलट करून बघत असते.

सिंधु


नांदेड
२६ ऑगस्ट २००३

दादा,

हे वॉर्डातूनच लिहिते. मृण्मयी झोपली आहे, उद्या पुढचा डोस. काल तू संध्याकाळच्या गाडीनं गेलास आणि आपलं धड बोलणंही झालं नाही. म्हणून तुला जे दिसलं नाही ते सांगते.

गेटात तू मला ओळखलं नाहीस. मी तुला लांबून ओळखलं, डबा तू दोन्ही हातांनी पोटाशी धरला होतास, बाबा धान्याचं माप धरायचे तसा. केस सगळे गेले तुझे. तू म्हणालास, "बर्फ अजून हाय," आणि मी म्हटलं, "बरं." दहा वर्षांनी भेटलेल्या भावा-बहिणीचं हे बोलणं.

आत डॉ. अपूर्वांनी बाटली उजेडात धरून बघितली, म्हणाल्या, मस्त आणलीय. मग तयारी सुरू झाली. ती मला बघायची होती. एका ट्रेमध्ये ॲड्रिनलिन, मृण्मयीच्या वजनाप्रमाणं आधीच मोजून भरलेलं. ऑक्सिजनचा मास्क उघडून उशीशी. सलाईनची सुई हाताला लावून ठेवलेली, म्हणजे वेळ आली तर शीर शोधत बसायला नको. मी विचारलं, "हे औषध चालेल असं वाटतंय ना? मग हे सगळं कशाला?" गंगम्मा म्हणाल्या, "चाललं तर झाकून ठेवू की अम्मा. त्यात काय जातंय."

इंजेक्शन झालं. मृण्मयी मांडी चोळत बसली. मी तिचा चेहरा बघत होते, गंगम्मा तिचा श्वास बघत होत्या. भुजंग छताकडं बघत होते.

आणि ती म्हणाली, "आई, माझे तळहात खाजतायत."

मी तिचे हात धरून उलटे केले. गंगम्मांनी डॉक्टरांना ओरडून हाक मारली, ट्रे उचलला आणि पळत पलंगाशी आल्या. ती हाक तू बाहेर ऐकलीस ना? कारण मी मान वर केली तेव्हा तू वॉर्डाच्या दारात होतास, चप्पल एकाच पायात. पार, अंगण, पायऱ्या, तो लांब पॅसेज, हे सगळं तू कधी ओलांडलंस?

डॉ. अपूर्वांनी तिला आडवी केली. छातीला तपासायची नळी लावली. जीभ बघितली, पोटावर, पाठीवर, कानांमागं बघितलं. रक्तदाब घेतला. एका बाजूनं गंगम्मा सुई हातात घेऊन तयार. तेव्हा तू पुढं आलास. मला ढकलूनच आलास. तिच्याजवळ वाकून म्हणालास, "कुठं खाजतंय गं? आत का वरून?"

तिनं तुझ्याकडं बघितलं. "तू मामा का?"

"हाव. सांग ना. आत का वर?"

तिनं विचार केला. "वर. इथं. चिकट चिकट."

"खाजवलं की बरं वाटतंय?"

तिनं खाजवून बघितलं. "हाव."

"पळून जावंसं वाटतंय का?"

"न्हाई. मला भूक लागली."

तू डॉक्टरांकडं बघितलंस. त्या म्हणाल्या, "छाती स्वच्छ आहे, रक्तदाब चांगला आहे, अंगावर काही नाही. पण थांबू या." आणि आपण थांबलो. पुन्हा छाती, पुन्हा रक्तदाब, पुन्हा. सकाळपासून चित्रं काढून खडूच्या मेणानं तिचे हात चिकट झाले होते, गंगम्मांनी ओल्या कापडानं पुसले तशी खाज गेली. मला वाटलं आता डॉक्टर तिला रागावतील. त्या म्हणाल्या, "सांगितलंस ते छान केलंस. दर वेळी सांगायचं. खोटं निघालं तरी सांगायचं." आणि हे म्हणताना त्या तिच्याकडं बघत नव्हत्या, तुझ्याकडं बघत होत्या.

त्यानंतर तू पलंगाच्या कडेला बसलास. तिनं तुझा हात उलटा केला आणि विचारलं, "तुझे बी खाजून राहिलेत का?"

तू म्हणालास, "लई."

"मग सांगितलं का न्हाईस कुणाला?"

तिनं ते ओलं कापड घेतलं आणि तुझे तळहात पुसले, आधी डावा, मग उजवा, गंगम्मांनी पुसले होते तसेच. मी खिडकीशी गेले, कारण भुजंगही तिथंच तोंड फिरवून उभे होते.

तू गेल्यावरचं सांगते. डॉक्टरांनी आम्हाला रात्रीपर्यंत हलू दिलं नाही. काही झालं नाही. एकही गांधी नाही. बटाटे सडवणारा तो जंतू माझ्या पोरीला चालला. तिनं दोन इडल्या खाल्ल्या आणि विचारलं की मामाची दुसरी चप्पल कुठं आहे. ती पायरीवर सापडली होती, गंगम्मांनी तुझ्याकडं पोचवली असं म्हणाल्या. एका पायानं हैदराबादला गेला नाहीस ना?

सिंधु


लातूर
७ ऑक्टोबर २००३

दादा,

सगळे डोस झाले. एक दिवसाआड जायचं होतं म्हणून नांदेडलाच खोली घेऊन राहिलो. एकदाही काही उठलं नाही. शेवटच्या दोन वेळा मृण्मयीच गंगम्मांना म्हणायची, "आता माझी जीभ बघा." रक्त तपासलं, डॉक्टर खूश आहेत. पुढची औषधं गोळ्यांची, ती दोन वर्षं चालणार. बरी झाली असं त्या इतक्यात म्हणणार नाहीत आणि मीही म्हणत नाही. पण केस यायला लागलेत, मऊ, कणसाच्या तुऱ्यासारखे.

बसवंतला मी वर्गात सगळं सांगितलं, नाव न घेता. तो म्हणाला, "म्हणजे मॅडम, अंगाला दुसऱ्या वाटेनं जाऊन फसवलं." मी म्हटलं, फसवलं नाही, अनोळखी माणूस पाठवला. पोरं हसली. परीक्षेत हे येणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं, तरी कुणी उठलं नाही.

तीस सप्टेंबरला मी गावी गेले होते. दहा वर्षं झाली म्हणून मंत्री आले होते, मांडव, माईक. मी जुन्या गावाकडं एकटी गेले. आता तिथं बाभळी आहेत. आपल्या घराची जागा मला नक्की सापडली नाही. तुला सापडली असती का, असं वाटलं. विचारायला नाही लिहीत, आपलं सांगते.

तुझं पत्र परवा आलं. डॉक्टरकडं जायला लागलास ते वाचलं. तो तुला तळहात खाजले की तिथंच बसून राहायला सांगतो आणि तू बसून राहतोस, हे मी मृण्मयीला सांगितलं. तिला ते पटलं नाही. ती म्हणते, आधी कुणाला तरी सांगायचं, मग बसायचं. तुझ्या डॉक्टरला विचारून बघ.

दिवाळीला लातूरला यायचं म्हणतोस. औशाच्या पुढं! तू लिहिलंस, "येईन, पण स्लॅबच्या खाली झोप लागणार नाही, मला बाहेर टाका. लोकं काय म्हणतील ते तू बघ." लोक काय म्हणतात? आमच्या शेजारच्या सगळ्या गच्च्यांवर पोरं अंथरुणं टाकून भौतिकशास्त्र घोकत असतात. तू आणखी एक. भुजंगनी कालच गच्चीवरच्या टाकीमागची अडगळ काढली, खाटेला नवी नवार भरून घेतली, तिथून थेट जिन्यानं रस्त्यावर उतरता येतं हेही त्यांनी स्वतः दोनदा उतरून बघितलं. पावसाचं काही सांगता येत नाही म्हणून मेणकापडही आणून ठेवलंय.

मृण्मयी म्हणते ती पण वर झोपणार. मी नाही म्हटलंय. डास आहेत आणि तिच्या अंगात अजून ताकद नाही. तिनं विचारलं, "मग रात्री मामाचे हात खाजले तर तो कुणाला सांगणार?" मच्छरदाणी दोघांना पुरेल एवढी मोठी आणली आहे.

गाडी कोणती ते कळव. आम्ही स्टँडवर असू.

सिंधु